गुरुजींचा कॅमेरा आणि माझी कात्री

कॅमेऱ्यालाही जीभ असते, हे मला पंचावन्न वर्षांची झाल्यावर कळलं. तोवर माणसांच्याच जिभा माहीत होत्या. तीस वर्षं गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवलेल्या बाईला त्या किती माहीत असतात, ते काही वेगळं सांगायला नको.

झालं काय, आमच्या सिंदेवाहीतल्या एका फोटोवाल्याने दुकान बंद केलं. त्याची बायको माझ्याकडे कपडे शिवायची. एक दिवस ती जुन्या ओढणीत गुंडाळलेली एक लहानशी, जड वस्तू घेऊन आली. म्हणाली, "घ्या वो बाई, तुमच्या शोकेसमंधी शोभेल. आमच्याकडे आता भंगारात जाईल." मुठीत मावेल एवढा कॅमेरा. ती गेल्यावर मी खोलीत बसून त्याचं बटण दाबलं, तर दबेना. डोळा लावून पाहिलं, तर आतल्या चौकटीत खालून एक लाल जीभ वर आली. मी ओरडलेच, "अहो, हा मले वेडावून राह्यला!"

आमचे हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "चला, तुले वेडावणारा भेटला म्हणायचा कोणीतरी."

मग मी अंगणात उन्हात गेले, तर जीभ नाही आणि बटण अलगद दबलं. दोन दिवस आत-बाहेर, आत-बाहेर केलं तेव्हा उलगडा झाला. भिंगाच्या भोवती माशीच्या डोळ्यासारखी बारीक बारीक काचेच्या टिकल्यांची कडी असते, ती उजेड मोजते. सेल नाही, बॅटरी नाही, नुसत्या उजेडावर चालते. उजेड पुरेसा नसला की कॅमेरा जीभ काढतो आणि बटण धरून ठेवतो. म्हणजे, बाप्पा, एवढ्या उजेडात माझ्याच्याने होणार नाही, फिल्म कशाला वाया घालवता! मला त्याचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू. जमणार नाही हे आधी सांगणारा आपल्यात कोण आहे? दिवाळीच्या आधी मीसुद्धा आलेल्या प्रत्येकीचं कापड घेऊन ठेवत होते, आणि नरकचतुर्दशीला तोंड लपवत होते.

तिथून नाद लागला. आज माझ्याकडे चाळीसेक आहेत, सगळे मुठीतले. गळ्यात लोढण्यासारखे लटकवायचे मोठे कॅमेरे मला नकोत. ते फोटोग्राफरचे. हे लहान कॅमेरे घरातल्या माणसाचे, सहलीला नेलेले, बारशाला काढलेले. ज्याला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, त्याच्या हातूनही फोटो बरा यावा, म्हणून कोणीतरी डोकं लढवून केलेले. मी स्वतः मशीन चालवता चालवता शिकलेली, मला शिकवणारं कोणी नव्हतं. म्हणून असं डोकं लढवलेलं दिसलं की माझा हात आपोआप कपाळाला जातो, सलाम करायला.

एक आहे झापडवाली. पुढचं झाकण सरकवलं की जागी, लोटलं की झोपली. झाकण हरवायची सोय नाही, कारण झाकण हेच तिचं बटण. दुसरीला मी अर्धी म्हणते. एका फोटोच्या जागेत ती दोन फोटो घेते, छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर. एका ब्लाउजच्या कापडात दोन पोलकी काढणाऱ्या बाईसारखी काटकसरी. तिसरीच्या भिंगावर चित्रं आहेत: एक डोकं, दोन डोकी, आणि डोंगर. जवळचा माणूस असला तर एका डोक्यावर फिरवा, लांबचं असलं तर डोंगरावर. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळावं! आणि नंतर निघालेल्या मोटरवाल्या तर काय विचारता. बटण अर्धं दाबलं की समोरचं माणूस किती हातांवर आहे ते आपलं आपण मोजतात आणि तसंच धरून ठेवतात. टीप मारायच्या आधी आपण टाचणी लावतो ना, तसं ते अर्धं दाबणं.

या कामात माझे गुरू म्हणजे ब्रह्मपुरीचे घड्याळवाले चाचा. त्यांच्या दुकानात घड्याळं कमी आणि माझे कॅमेरे जास्त, असं त्यांची बायको म्हणते. जुन्या कॅमेऱ्यांच्या मागच्या दाराला आतून काळा फोम असतो, उजेड आत येऊ नये म्हणून. तो सडून डांबरासारखा चिकट होतो. घुग्घुसहून आलेल्या एका कॅमेऱ्यात तर त्या डांबरात कोळशाची धूळ अशी बसली होती, की चाचांनी चष्मा काढून ठेवला. "बाई, ये कॅमेरा है की खदान है? आणि नया फोम मैं कहाँ से लाऊँ?"

मी म्हटलं, "चाचा, काळी लोकर चालेल काय?"

स्वेटरच्या लोकरीचा एक पदर त्या खाचेत बसवला आणि बिजागरीजवळ ब्लाउजच्या अस्तरातलं काळं मखमल चिकटवलं. उजेडाचा थेंब आत शिरेना. चाचा कितीतरी वेळ दार उघडत-लावत बसले. मग म्हणाले, "बाई, कंपनीवाले को आपके पास शिलाई सीखने को भेजना चाहिए था." एवढी शाबासकी मला जन्मात मिळाली नव्हती.

तर आता गुरुजींच्या कॅमेऱ्याचं सांगते. सगळं सांगायचं ते तेवढ्यासाठीच.

कुरखेड्याला एक गुरुजी होते. आतल्या एका गोंडांच्या गावात त्यांनी बरीच वर्षं शाळा चालवली. ते वारल्यावर त्यांच्या घरच्यांनी कपाट रिकामं केलं. मी कॅमेरे जमवते हे एव्हाना वडशापर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं, तसा निरोप आला. मोटरवाला, मागे तारीख छापायची सोय असलेला कॅमेरा. केसमध्ये एक कागदी पाकीट, त्यात निगेटिव्हच्या पट्ट्या, चार-चार फोटोंच्या. फोटो सगळे त्या आतल्या गावातले: लग्न, शाळा, नाचणारी पोरं, बैल.

आमच्याकडे एक रीत होती. ज्याचा फोटो, त्याची निगेटिव्ह. फोटो काढून घेतला की माणूस निगेटिव्हचा तुकडाही मागून न्यायचा. आपली सावली दुसऱ्याच्या पेटीत कशाला ठेवायची, असं म्हातारे म्हणत. मला वाटलं, गुरुजी गेले, आता ज्याची त्याला पोचती करावी. म्हणून मी काय केलं, माझी कात्री घेतली आणि त्या पट्ट्या एकेक फोटो वेगळा करून कापल्या. छान, सरळ कापल्या. बटणांच्या डब्यात खाने असतात, त्यांत एकेक तुकडा ठेवला. कधी कुरखेड्याच्या बाजूला जाणं झालं की वाटू म्हटलं. जाणं काही झालं नाही. डबा वर्षभर कपाटात राहिला.

मग एक दिवस दुपारी दारात दोन माणसं आली, चाळिशीचा एक भाऊ आणि त्याची आई. पुष्कळ म्हातारी, काटक, कपाळावर गोंदण. आमच्या झाडीपट्टीत आईला 'बुढी' म्हणतात, मायेनंच. तोही तिला बुढीच म्हणत होता.

"मावशी, तुमीच ना जुने कॅमेरे जमा करता?" तो म्हणाला. "आमच्या गावच्या गुरुजीचा डब्बा तुमच्याकडे आला म्हणते. त्यात माह्या बुढीचा फोटो असन काय?"

मी पाणी दिलं, चहा ठेवला. हळूहळू त्यानं सांगितलं. जंगलाच्या कडेला त्यांची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर आहे, त्याच्या आज्यापासून. कागद मात्र नाही. वनहक्काच्या कायद्यात पट्टा मिळतो, पण कायद्याने ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून ती जमीन तुम्ही कसत होता, हे दाखवावं लागतं. गावातल्या म्हाताऱ्यांनी जबाब दिले होते. तरी फाइल वरून दोनदा परत आली. आणखी पुरावा जोडा म्हणून. आता ग्रामसभा शेवटची यादी पाठवणार होती, पुढच्या आठवड्यात.

"गुरुजीनं बुढीचा बांधीतला फोटो काढला होता," तो म्हणाला. "आमच्या घरी होता, उधईनं पोखरून खाल्ला. तो सापडला तर होईल. नाई सापडला तर..."

"नाई सापडला तर कोणीबी येऊन म्हनन, उठ इथून," बुढीनं वाक्य पुरं केलं. चहात बुडवलेलं बिस्किट ती शांतपणे खात होती.

मी बटणांचा डबा काढला. खिडकीच्या उजेडात एकेक तुकडा धरला आणि मोबाइलमध्ये रंग उलटे करून पाहिले. सतरावा-अठरावा तुकडा असेल, बांधावर एक बाई उभी, हातात रोवण्याची, म्हणजे लावणीची, धानाच्या रोपांची पेंडी, मागे बांधी, तिच्या मागे मोहाचं झाड आणि एक गवताची खोपटी. "हेच!" तो भाऊ उभाच राहिला. "हे मोहाचं झाड आताबी तिथंच आहे!"

पण फोटोवर तारीख नव्हती. कॅमेऱ्यात तारीख छापायची सोय होती, गुरुजींनी ती बंद ठेवली होती. पिवळे आकडे फोटोची शोभा घालवतात असं त्यांना वाटत असणार. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मलाही तसंच वाटतं.

भाऊनं कॅमेरा हातात घेऊन फिरवून पाहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी, या कॅमेऱ्यात तारीख मागं घेता येते काय?"

मी खोटं कशाला बोलू? "येते. पाहिजे त्या सालाची लावता येते."

"मंग... बुढीले आता बांधीत उभी करून..."

खरं सांगते, माझ्या मनात लगेच नाही आलं नाही. समोर एक म्हातारी, तिची बांधी खरंच तिची, आणि माझ्या हातात तारीख फिरवायची दोन बटणं. कोण म्हणेल की पाप आहे? तेवढ्यात बुढी म्हणाली, "अगा येड्या, तारीख मागं नेशीन. मंग माह्या तोंडाच्या सुरकुत्याबी मागं नेते काय तो डब्बा?"

आमचे हे आतून खो खो हसले. भाऊपण हसला, लाजून. तो विषय तिथंच संपला. बुढी मात्र हसली नाही. म्हणाली, "खरं असून खोटं काऊन करावं?"

मग आम्ही तिघांनी सगळे तुकडे पुन्हा चाळले. आणि एका तुकड्यात सापडलं! शाळेच्या नव्या खोलीचं उद्‌घाटन, फुलांची माळ, आणि भिंतीवर रंगवलेलं साल, ठळक. कायद्यातल्या तारखेच्या पुष्कळ आधीचं. दोन्ही फोटो एकाच रोलवरचे असले, तर बांधीचा फोटोही त्याच काळातला ठरतो.

असले तर! कापले कोणी? मी. पट्टी अखंड असती तर दोन फोटो शेजारी-शेजारी दिसले असते, बोलायचं कामच नव्हतं. आता माझ्याकडे दोन सुटे तुकडे. कोणीही म्हणेल, हे एका रोलचे कशावरून? मला त्या कात्रीचा इतका राग आला की मी ती उचलून मशीनच्या खणात टाकली आणि खण लावून घेतला.

दोघं गेल्यावर मी ते तुकडे पांढऱ्या कागदावर मांडले आणि पाहत बसले. कापड बेतणारी बाई आहे मी. एकाच थानाचे दोन तुकडे असतील तर उभा धागा एका रेषेत येतो, हे मला झोपेतही कळतं. फिल्मला धागा कुठला? पण गुरुजींच्या या रोलवर एक ओरखडा होता. कॅमेऱ्यात एखादा रेतीचा कण अडकला की फिल्म सरकताना त्यावर लांबच लांब रेघ पडते, पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत. ती मला आधी खुपायची. आता मी बांधीचा तुकडा आणि शाळेचा तुकडा कडेला कड लावून ठेवले, तर ओरखडा एकातून दुसऱ्यात सरळ गेला. आणि मला सरळ वाटलेला माझ्या कात्रीचा जरासा तिरपा छेदही एकमेकांत बसला. शेजारचे तुकडे होते ते! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यांना हाक मारली, तर हे म्हणाले, "आता रडून राह्यली की हसून राह्यली, ते आधी सांग."

ग्रामसभेच्या दिवशी मी पहाटेच्या एसटीने वडशाला, तिथून कुरखेड्याला, आणि पुढे त्या भाऊच्या गाडीवर मागे बसून गावात गेले. पिशवीत निगेटिव्हचे तुकडे, मोठे करून आणलेले फोटो, आणि गुरुजींचा कॅमेरा. कॅमेरा का घेतला, ते मलाही सांगता येणार नाही. गुरुजींना घेऊन गेल्यासारखं वाटलं असेल.

समाजमंदिरात सगळं गाव बसलं होतं. वनहक्क समितीची सचिव म्हणजे पंचविशीची एक पोरगी, केस घट्ट बांधलेले, समोर फायलींचा गठ्ठा. मी फोटो दाखवले, तुकडे दाखवले, ओरखडा समजावला.

ती म्हणाली, "मावशी, कापले कोणी?"

"मीच," मी म्हटलं. "माही चूक आहे. वाटायसाठी कापले होते."

"आणि जोडलेबी तुमीच."

सभेत कोणीतरी हसलं. मी मान खाली घातली. पण पोरीनं माझी टिंगल केली नव्हती. तिनं तुकडे हातात घेतले, दारात उजेडाला जाऊन धरले आणि ओरखड्यावरून नखाने मागे-पुढे पाहिलं. "एकाच रोलचे आहेत, हे पटलं मले," ती म्हणाली. मग तिनं फिल्मच्या काठावर छापलेले बारीक आकडे वाचले आणि तिचा चेहरा उतरला. "पण मावशी, शाळेच्या फोटोचा नंबर चवदा आहे. बांधीचा पंधरा. म्हणजे शाळा आधी, बांधी नंतर."

"मंग काय झालं?" भाऊनं विचारलं.

"गुरुजीचा एक रोल किती दिवस चालत होता ते विसरले काय दादा? एका रोलात दोन दोन दिवाळ्या राहत होत्या. वरचे म्हणतील, शाळेचा फोटो काढला, मंग रोल तीन-चार वर्षं तसाच डब्ब्यात होता, बांधी नंतर केली. आधीचा असता तर कोणाले बोलताच आलं नसतं." तिनं तुकडे कागदावर ठेवले. "मले पाठवायचीच आहे फाइल. पण परत आली तर तिसऱ्यांदा येईल."

भाऊनं डोळे मिटून घेतले. बुढी बायकांमध्ये बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला जास्त लागलं. मी पिशवीत हात घातला, फोटो परत ठेवायला, आणि हात त्या कॅमेऱ्याला लागला.

अरे देवा. मी किती मूर्ख!

"थांब वो माय," मी त्या पोरीला म्हटलं. "हा कॅमेरा उलटा चालते!"

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साध्या कॅमेऱ्यात फिल्म डबीतून एकेक फोटोएवढी बाहेर येते. पहिला फोटो पहिल्या आकड्यावर, दुसरा दुसऱ्यावर. पण मोटरवाल्यांतल्या काही कॅमेऱ्यांत एक हुशारी असते. रोल घालून दार लावलं की ते आधीच सगळी फिल्म डबीतून बाहेर ओढून घेतात. बॉबिन भरताना आपण रिळावरचा दोरा आधी गुंडाळून घेतो, तसं. मग प्रत्येक फोटोनंतर तेवढी तेवढी फिल्म परत डबीत जाते. कशासाठी? चुकून कोणी मागचं दार उघडलं, तरी काढलेले फोटो डबीच्या अंधारात सुरक्षित असतात, जाते ती नुसती कोरी फिल्म. ज्यानं हे शोधलं त्याच्या घरात नक्की लहान पोरं असणार. गुरुजींचा कॅमेरा या जातीचा होता. मला ते माहीत होतं, चाचांच्या दुकानात मी त्याचं कौतुकही केलं होतं, आणि ऐन वेळी विसरले होते. अशा कॅमेऱ्यात शेवटच्या आकड्यावरचा फोटो सगळ्यांत आधी काढलेला असतो!

तोंडी सांगून कोण ऐकणार? माझ्या पिशवीत एक मेलेला रोल असतोच, मुदत संपलेला, कॅमेरे तपासायला. मी सगळ्यांसमोर दार उघडलं, रोल घातला, दार लावलं. कॅमेरा कुर्र कुर्र करू लागला. समाजमंदिरात एवढी शांतता, की एक कोंबडा बाहेर ओरडला तर लोकांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. कुरकुर थांबली. वरच्या खिडकीत आकडा आला, छत्तीस.

"आता पाहा." मी बटण दाबलं. पस्तीस. पुन्हा दाबलं, चौतीस. पोरगी माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. मग मी दार उघडलं. सगळी फिल्म बाहेरच्या गुंडाळीवर, आणि काढलेल्या फोटोंएवढीच तेवढी डबीत गेलेली.

मागे बसलेला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "म्हंजे सकारी सगळ्या कोंबड्या बाहेर सोडते, अन् सांजच्याले एकेक खुराड्यात घालते!"

"तसंच बाबा!" मी म्हटलं. "आणि जी आधी गेली ती सगळ्यांत आत."

सभेत हशा पिकला. पोरगी हसली नाही, तिचं डोकं चालत होतं. ती फिल्म तिनं ओढून घेतली, उजेडात धरली, आणि एकदम म्हणाली, "मावशी, हा पाहा." मेलेल्या रोलवरही तोच ओरखडा, तितक्याच उंचीवर. रेतीचा कण अजून आतच होता. मी कॅमेरा चाचांकडे साफ करायला द्यायचा विसरले होते, आणि त्या विसरण्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

"याच कॅमेऱ्याचे फोटो," ती लिहिता लिहिता बोलू लागली. "याच रोलावर. पंधरा नंबर आधी, चवदा नंतर. म्हंजे शाळेच्या भिंतीवरच्या सालाच्या आधी बांधीत रोवणा सुरू होता."

मग तिनं बुढीला विचारलं, "आजी, तुमाले काही याद आहे का त्या दिवसाची?"

"आहे ना," बुढी म्हणाली. "मी म्हटलं गुरुजी, चिखलात भरली आहो, आता नका काढू. तर म्हणे, शाळा बांधून झाली म्हंजे तिथंच काढीन सगळ्यांचे, तुहा फोटो मातर इथंच चांगला दिसते." तिनं क्षणभर विचार केला. "शाळेच्या भिंती तवा अर्ध्याच होत्या. माह्या नवऱ्यानंच तर विटा वायल्या होत्या."

म्हणजे ती हे सगळं आधीपासून जाणत होती! मी म्हटलं, "मंग हे आधी काऊन नाई सांगितलं वो?"

"मले कोणी इचारलं?"

पोरीनं तिचा जबाब लिहून घेतला. शाळेची वीट वाहिलेला आणखी एक म्हातारा जिवंत होता, त्याचाही घेतला. ठराव वाचला, हात वर झाले. फोटोंच्या प्रती फायलीत लागल्या. निगेटिव्हचे तुकडे ग्रामसभेच्या लोखंडी पेटीत राहतील असं ठरलं. मी ते दिले. माझ्याकडच्या चाळीस कॅमेऱ्यांतून कुठलाही एक मागितला असता तरी दिला असता. त्यांनी मागितला नाही.

बुढी मात्र हात वर होण्याआधीच उठली होती. लुगडं खोचून दाराकडे निघाली. सचिव म्हणाली, "आजी, थांबा ना, अंगठा राह्यला." तिनं परत येऊन अंगठा दिला, शाई लुगड्याला पुसली. "झालं ना? मंग मी जातो. बाया रोवण्यावर थांबून आहेत."

मी तिच्या मागे रस्त्यापर्यंत गेले. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, त्या कात्रीबद्दल, माझ्या मनात आलेल्या तारखेबद्दल. ती इतकी झपझप चालत होती की मला धाप लागली. वळणावर ती थांबली, मागे पाहून म्हणाली, "बाई, उन्हात नका येऊ, चिखल आहे पुढं." आणि गेली.

पट्टा आला तो त्या हंगामाचं धान कापून झाल्यावर. भाऊचा फोन आला. आवाजात रडू होतं की हसू, कळेना. "मावशी, आला. नावानिशी आला, बुढीच्याच नावानं."

"बुढी कुठी आहे? तिले दे फोन."

"बांधीत," तो म्हणाला.